हार्लो बेसिनची खोटी आग

मिसेस सोफ्रोनिया बडलाँग माझ्या खानावळीत यायच्या, पण खायच्या काहीच नाहीत. सरळ आत यायच्या, साखरेच्या डब्याचं झाकण उघडायच्या, आणि नाक खुपसून विचारायच्या, "केझाया, ही उसाची नाही ना गं? उसाच्या साखरेत गुलामांचं रक्त असतं, ठाऊक आहे ना तुला?"

मला विचारायच्या! वयाची विशी उलटेपर्यंत मी हडसन नदीकाठच्या एका डच शेतकऱ्याची मालमत्ता होते. त्याच्या गाईंसारखी, त्याच्या नांगरासारखी. न्यूयॉर्क राज्याने कायदा करून आम्हाला मोकळं केलं, तेव्हा कुठे मी स्वतःच्या पायांनी त्या फाटकाबाहेर पडले. आणि ही बाई मला सांगणार रक्त कशात असतं ते.

"मेपलच्या झाडाच्या रसाची आहे, मिसेस बडलाँग," मी म्हणायचे. मेपलचीच असायची, त्यामुळे तर जास्तच चीड यायची.

आमचं गाव हार्लो बेसिन, कालव्याच्या काठावर. पिठाच्या गिरण्या, बोटींची गोदी, दोन गुत्ते आणि टेकाडावर चर्च. माझा नवरा लेम्युएल गोदीत बोटींच्या फटी बुजवायचा. मी धक्क्यावर खानावळ चालवायचे. घेवड्याच्या बिया आणि खारवलेलं डुकराचं मांस, मक्याची भाकरी, सफरचंदाचा मुरंबा. बोटवाले खाऊन तृप्त व्हायचे आणि शिव्या देत निघून जायचे. त्यांचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास झाला तो चांगल्या माणसांचा.

आता चांगली म्हणजे खरंच चांगली होती हो. तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आमच्या गावात संजीवन सभा झाल्या. पाळक ऑरिन थ्वेट रोज संध्याकाळी उभे राहायचे आणि एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. गुत्ते ओस पडले. बायकोला मारणारे गुडघ्यावर येऊन हुंदके देत होते. "पाप आज सोडा," पाळक म्हणायचे, "उद्या सोडीन म्हणणारा आज पापच करतोय." त्यांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी अशी रडले, की लेम्युएलला मला धरून घरी न्यावं लागलं. देवाने मला ओळखलं, असं त्या दिवशी वाटलं. अजूनही वाटतं. ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकलं नाही, पुढे इतकं सगळं झालं तरी.

त्याच सभांतून गुलामगिरीविरोधी मंडळ निघालं. हिशोब सरळ होता. गुलाम बाळगणं पाप आहे, पाप आज सोडायचं, म्हणजे गुलामगिरी आज संपवायची. पण तो 'आज' मंडळाच्या हाती लागला आणि त्याचा चोथा झाला. आधी पत्रकं काढायची की अर्ज पाठवायचे यावर वाद. मग बायकांनी अर्जावर सह्या कराव्यात का, यावर वाद. आम्ही काळी माणसं चर्चमध्ये वरच्या सज्जात बसायचो. आम्हाला खाली बसू द्यावं असा ठराव दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी प्रेमाने पुढच्या वर्षावर ढकलला जायचा.

ज्या ऑक्टोबरची ही गोष्ट, त्या वर्षी नवीन वाद पेटला होता. मत द्यायचं की नाही. गिडियन प्रॉल नावाचे कातडी कमावण्याच्या कारखान्याचे मालक म्हणत होते, गुलामगिरीविरोधी पक्ष काढा, आपली माणसं निवडून पाठवा. आणि एसाहेल बडलाँग, म्हणजे सोफ्रोनियाबाईंचे यजमान, गिरणीचे मालक आणि चर्चच्या कारभारी 'वडिलां'पैकी एक, म्हणत होते की राजकारण हा उकिरडा आहे, ख्रिस्ती माणसाने त्यात पाय घालू नये.

मंडळाची वार्षिक सभा चर्चमध्ये दुपारी भरली. मी जाणार नव्हते. चुलीवर बिया शिजत होत्या. लेम्युएल म्हणाला, "जा गं. आपलं कुणीतरी तिथे दिसायला हवं."

"मग तू जा."

"मी डांबराने माखलोय. तू निदान स्वच्छ आहेस."

गेले. वर सज्जात बसले. खाली बडलाँग उभे होते. "पापाला औषध एकच, पश्चात्ताप! मतपेटीतून कधी कुणाला पश्चात्ताप झालाय का?"

प्रॉल ताडकन उठले. "मेरीलँडचा मळेवाला आपली पत्रकं वाचून पश्चात्ताप करणार? तो ती जाळून पाइप पेटवतो, बंधू बडलाँग!"

"अध्यक्ष, बंधू प्रॉल मध्ये बोलतायत."

"तुम्ही तासभर बोलताय!"

अध्यक्षस्थानी पाळक थ्वेट होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "बंधूंनो, आपण आधी क्षणभर प्रार्थना करू या." ते अडचणीत आले की प्रार्थना करायचे. त्या सभेत मी वर गेल्यापासूनच बऱ्याच झाल्या होत्या.

डोळे मिटलेले असतानाच जिन्यावर धावती पावलं वाजली. मिली डॉर्सी होती. माझ्या खानावळीत भांडी घासायला यायची, तिचा नवरा नेस बडलाँगच्याच गिरणीत पोती उचलायचा. दोघं मेरीलँडच्या मळ्यातल्या गुलामीतून पळून आलेली. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं. मिलीच्या पायात बूट नव्हते.

"नेसला धरलं," ती म्हणाली. "गिरणीतून. मालकाने पाठवलेली दोन माणसं आहेत, कॉन्स्टेबल आहे बरोबर. मॅजिस्ट्रेटकडे नेलाय. पळालेला गुलाम परत न्यायचे कागद आहेत त्यांच्याकडे, केझाया. सही झाली की गाडीत घालून नेणार."

मी कठड्याशी उभी राहिले. प्रार्थना संपेपर्यंत थांबले नाही. "पाळकसाहेब! नेस डॉर्सीला धरलंय. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत आहे. आत्ता."

सगळ्या माना वर वळल्या. क्षणभर मला वाटलं, झालं, आता ही सगळी माणसं उठणार.

बडलाँग म्हणाले, "अध्यक्ष, माझी हरकत आहे. सज्जातल्या भगिनींना सभेत बोलण्याची परवानगी आहे का? तो प्रश्न गेल्या वर्षी आपण अनिर्णित ठेवला होता."

"अहो, तुमच्या गिरणीतून माणूस नेला!" मी ओरडले.

"मला अतीव दुःख आहे. पण रीत ही रीत."

प्रॉल पुन्हा उठले. मला आशा वाटली. "बघा!" त्यांनी बोट हवेत नाचवलं. "हेच मी सांगतोय! मॅजिस्ट्रेट आपल्या मतांनी निवडलेला असता तर आज ही वेळ आली असती का?"

"सभेपुढे एक ठराव आधीच आहे," पाळक हताशपणे म्हणाले. "भगिनी केझाया, तू बस जरा. मला वाटतं निषेधाचा मसुदा करायला आपण एक समिती नेमू या. बंधू प्रॉल आणि बंधू बडलाँग..."

त्या दोघांची एक समिती! तिचा मसुदा व्हायच्या आत नेस मेरीलँडमध्ये म्हातारा झाला असता.

मी मिलीचा हात धरला आणि जिना उतरले. "तू गोदीवर जा," तिला म्हटलं, "लेम्युएलला सांग." ती पळाली. खाली दाराजवळ घंटेचा दोर लोंबत होता. आमच्या चर्चची घंटा हीच गावाची आगीची घंटा. उपासनेसाठी सावकाश वाजवायची, आगीसाठी न थांबता, भडाभडा. विचार वगैरे मी काही केला नाही. दोर दोन्ही हातांनी धरला आणि अशी ओढत सुटले की खांदे निखळायची पाळी आली.

गाव धावलं. आमच्याकडे सगळी लाकडाची घरं, आगीच्या घंटेला कुणी जागेवर बसत नाही. गुत्त्यातून बोटवाले आले, दुकानांतून कारकून आले, कातडी बादल्या, शिड्या, हुक घेऊन. "कुठे? कुठे लागलीय?"

"मॅजिस्ट्रेटच्या कचेरीला!" मी म्हटलं. आणि त्यांच्या पुढे पळत सुटले.

कचेरी किराणा दुकानाच्या माडीवर होती. आम्ही पोचलो तेव्हा नेसला जिन्यावरून खाली आणत होते. हात मागे बांधलेले, अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. खाली गाडी उभी. दोन परके गृहस्थ, चांगल्या कोटातले, आणि आमचा कॉन्स्टेबल, ज्याला कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

"आग कुठंय?" फेलिम नावाचा आयरिश बोटवाला धापा टाकत होता. हा फेलिम म्हणजे प्रॉलसाहेबांच्या सभेवर नासकी अंडी फेकणारा. गुलामगिरीविरोधी माणसं त्याला बिलकूल आवडायची नाहीत.

"आग नाही," मी म्हटलं. "नेसला नेतायत."

"आपल्या नेसला? कोण नेतंय?"

त्या दोघांतला उंच माणूस म्हणाला, "बाजूला हो, मळक्या. हा कायद्याचा मामला आहे."

फेलिमच्या हातात कालव्याच्या पाण्याने भरलेली बादली होती. ती गावभर पळवत आणल्याचा राग त्याला होताच, कुणावर काढायचा एवढाच प्रश्न होता. त्याने ती सबंध बादली त्या माणसाच्या तोंडावर रिकामी केली.

पुढचं सगळं एकदम झालं. कुणी ढकललं, कुणी शिडी आडवी घातली. दुसऱ्या माणसाने नेसला गाडीत लोटलं आणि लगाम उचलला. घोडा उधळायच्या बेतात. तेवढ्यात गर्दी फाडत एक बाई पुढे आली आणि घोड्याच्या तोंडाजवळची पट्टी दोन्ही हातांनी धरून लोंबकळली. टोपी सुटून पाठीवर आलेली, झग्याचा घोळ चिखलात. सोफ्रोनियाबाई! साखरेचा वास घेणाऱ्या! घोडा मान झटकत होता आणि त्या तशाच, डोळे घट्ट मिटून. तोंडाने काही पुटपुटत होत्या. स्तोत्र असावं.

लेम्युएल गोदीतून धावत आला तो हातात फटी खरवडायची सुरी घेऊनच. गाडीच्या मागे चढला, नेसचा दोर कापला. नेसने उडी टाकली ती गर्दीत, आणि गर्दी त्याच्यामागे अशी मिटली की जणू पीठच पिठात पडलं. पण गाडीतल्या माणसाकडे शिसं भरलेली काठी होती. लेम्युएल वळायच्या आत ती त्याच्या कानावर बसली.

तो आवाज मी ऐकला. घंटेचा नाही, तो आवाज माझ्या लक्षात आहे.

नेस धान्याच्या बोटीतून, मग मोठ्या सरोवरावरून कॅनडात, मालकाच्या कायद्याबाहेर, पोचला. कॉन्स्टेबलला कुणाचीच ओळख पटली नाही. गावाच्या पंचांनी चौकशी केली नाही, कारण त्यांचे प्रमुख स्वतः बादली घेऊन धावले होते. लेम्युएल बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता. उठला तेव्हा त्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, आणि चालताना मधेच भिंतीला हात लावायचा. गोदीतल्या फळीवर चढणं संपलं. "एक कान आहे की," तो म्हणायचा. "तुझी बडबड ऐकायला तेवढा पुरे."

मला वाटलं होतं, आता तरी ही चांगली माणसं शहाणी होतील.

मंडळाने आधी स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला. मग प्रॉलसाहेब माझ्याकडे आले. "केझाया, तुम्ही माझ्या सभांत हे सांगायलाच हवं. यावरून सिद्ध होतं की मताशिवाय तरणोपाय नाही!" त्यांच्यामागोमाग बडलाँगच्या गोटातले एक जण आले. "यावरून सिद्ध होतं की लोकांचं मन जागं झालं की मताची गरजच नाही." मी दोघांना बिया वाढल्या आणि दोघांना म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या कानावरून काय सिद्ध होतं ते आधी सांगा. दोघांनी खाली बघून खाल्लं.

आणि मग चर्चच्या वडिलांची नोटीस आली. भगिनी केझाया टॉलिव्हर हिने देवाच्या घराची घंटा वापरून जाहीर असत्य बोलल्याचा आरोप. आरोप करणारे एसाहेल बडलाँग.

"त्यांच्या गिरणीतला माणूस होता तो!" मी लेम्युएलला म्हटलं. कान चुकला म्हणून दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा म्हटलं.

"ऐकलं पहिल्यांदाच," तो म्हणाला. "अख्ख्या कालव्याने ऐकलं असेल."

सुनावणीच्या आदल्या दिवशी पाळक थ्वेट घरी आले. बिचारे खंगले होते. "केझाया, तू एवढंच म्हण, की आग म्हणजे तुला देवाच्या कोपाची आग म्हणायची होती. ते असत्य ठरणार नाही. सगळं मिटेल."

"पण मला तसं म्हणायचं नव्हतं, पाळकसाहेब. मला लाकडाची आग म्हणायची होती. देवाच्या कोपाची म्हटली असती तर बादल्या घेऊन कुणी आलं असतं का?"

त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं. "मग पश्चात्ताप झाला असं म्हण."

"झालेला नाही."

"थोडासुद्धा नाही?"

"तुम्हीच शिकवलंत, खोटा पश्चात्ताप करू नये म्हणून."

ते बराच वेळ टोपी फिरवत बसले. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की मी उठून भांडी आपटायला लागले. ह्याच माणसाने माझं नाव देवापुढे घेतलं होतं. आणि आता माझ्या घरात बसून मला तोंडदेखलं बोलायला सांगत होता.

सुनावणीला चर्च भरलेलं. मला खाली, अगदी पुढे बसवलं. आरोपी म्हणून का होईना, खाली बसायला मिळालं.

बडलाँगनी विचारलं, "आग होती की नव्हती? हो की नाही, एवढंच सांग."

"नव्हती."

"म्हणजे तू खोटं बोललीस."

"बोलले."

"पुन्हा तशी वेळ आली तर?"

"पुन्हा बोलेन. आणि त्या वेळी सभेत हात वर करून परवानगी मागण्यात वेळ घालवणार नाही."

मागून कुणीतरी खिदळलं. मग सोफ्रोनियाबाई उठल्या. त्यांच्या हाताला अजून पट्टी होती, घोड्याच्या लगामाने कातडी सोलली होती. "मला साक्ष द्यायची आहे."

"सोफ्रोनिया, खाली बैस," बडलाँग म्हणाले.

"मी खिडकीपाशी होते, एसाहेल. बाहेर धूर नव्हता. केझाया काय म्हणाली ते मी ऐकलंच होतं. आग नाही हे माहीत असून मी धावले. म्हणजे त्या खोटेपणात मीही आहे. माझं नाव घाला आरोपात."

"बाई, खाली बसा!" दुसरे एक वडील ओरडले.

"तू त्या वेळी मसुदा लिहीत होतास," त्या म्हणाल्या. "पहिल्या वाक्यात 'खेद' लिहायचं की 'तीव्र खेद', यावर तुझं आणि मिस्टर प्रॉलचं चाललं होतं. मी बाहेर पडताना ऐकलं."

निकाल त्याच दिवशी लागला. पश्चात्ताप होईपर्यंत मला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा प्रसाद, बंद. सोफ्रोनियाबाईंचं नाव आरोपात घातलंच नाही, त्याचा त्यांना सगळ्यात जास्त संताप आला. पाळकांनी सही केली. करताना रडले. पण केली.

मी बाहेर पडले. काही माणसं माझ्यामागे बाहेर पडली. सज्जातली सगळी, आणि खालची थोडी. पिपं बनवणाऱ्या एका माणसाने आपली वखार दिली, तिथे आम्ही आमचं वेगळं चर्च सुरू केलं. सज्जा नाही, बाकं सारखी, जिथे जागा मिळेल तिथे बसा. ऐकायला किती छान! पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला द्राक्षारस घ्यावा की नुसता मनुकांचा रस, कारण दारू पाप आहे, यावरून असा वाद झाला की भाकरी वाळून गेली. मी डोक्याला हात लावून बसले. लेम्युएलने आपला बहिरा कान त्यांच्याकडे केला आणि निवांत डुलकी काढली.

तरी दर रविवारी वखारीत जाते. टेकाडावरची उपासना सुरू झाली की गाणं वाऱ्यावर खाली येतं. माझ्या आवडीचं असलं तर मी दार लावून घेते.

वसंतात कालव्याला पाणी सोडलं आणि मिली निघाली. नेसने कॅनडात झोपडी बांधली होती, खिडकी अजून बसायची होती म्हणे. मी, लेम्युएल आणि सोफ्रोनियाबाई धक्क्यावर गेलो. प्रॉलसाहेब तिथे आधीच हजर.

"मिसेस डॉर्सी, निघण्याआधी दोन शब्द बोलाल? आमच्या पक्षाबद्दल. बरेच लोक जमलेत."

मिलीने माझ्याकडे बघितलं. ती मुळातच कमी बोलणारी. "बोट सुटतेय, साहेब," ती म्हणाली.

"फक्त दोन शब्द!"

"नवरा थांबलाय. हे दोन मोजून घ्या," ती म्हणाली, आणि फळीवरून बोटीत गेली.

मला तिला मिठी मारायची होती, ती राहूनच गेली. फेलिमने दोर सोडला, काठावरून बोट ओढणारी खेचरं चालायला लागली. मिली बोटीच्या टपावर गाठोड्यावर बसली. कालव्यावरचे पूल बुटके, जवळ आले की सगळ्यांनी वाकायचं असतं. ती वाकली, आणि पुलापलीकडे सरळ झाली तेव्हा इतकी लहान दिसत होती की हात हलवतेय की डोक्याचा रुमाल बांधतेय, कळेना.

परत येताना सोफ्रोनियाबाई खानावळीच्या दाराशी घुटमळल्या. चिखल पुसण्याचं निमित्त करत राहिल्या.

"घरी एसाहेल बोलत नाही माझ्याशी," त्या म्हणाल्या. "जेवतो वेगळा. प्रार्थना करतो तीही वेगळ्या खोलीत, आणि मला ऐकू येईल अशी. थोडा वेळ बसू का गं इथे?"

दुपारचे बोटवाले यायची वेळ झाली होती. चूल धुमसत होती, लेम्युएल भिंत धरून पाण्याच्या बादल्या आणत होता, आणि मला कुणाचंही दुःख ऐकायची ताकद उरली नव्हती.

"बैस," मी म्हटलं. "पण नुसती नको. ते बटाटे घे आणि सोल."

मी तिला एकेरी बोलले, हे आमच्या दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. ती बाक ओढून बसली, सुरी घेतली. साल इतकी जाड काढत होती की अर्धा बटाटा टोपलीत चालला होता.

"अगं पातळ काढ, पातळ!" मी ओरडले. "गावजेवण घालायचंय मला."